दोन पानांची अदलाबदल

दुपारचे अडीच वाजले आहेत. जेवण उरकून विश्वंभरशास्त्री देवधर पुढच्या खोलीतल्या पलंगावर डाव्या कुशीवर आडवे होतात, उपरण्याचे टोक डोळ्यांवर ओढतात आणि झोपेची आराधना करू लागतात. झोप मात्र उंबऱ्याशी घुटमळते आहे. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या चपला पडल्या आहेत, एक उताणी आणि दुसरी बाकाखाली भिरकावलेली. फोन वाजला म्हणून ते सकाळी बाहेरून घाईघाईने आत आले, तेव्हापासून त्या तशाच आहेत.

फोन वैजयंती नाफडेचा होता. शास्त्रीबुवा हायस्कुलात संस्कृत शिकवीत, तेव्हाची त्यांची ही विद्यार्थिनी. गृहस्थाने पहाटेपासून रात्रीपर्यंत कसे वागावे हे सांगणारी दिनचर्येची एक जुनी पोथी तिने नव्याने संपादित केली आहे. तिच्यासाठी शास्त्रीबुवांची प्रस्तावना मागून आठ महिने झाले.

"सर, छापखान्यात पाचपर्यंतच पाने थांबवता येतील," ती म्हणाली होती. "पण आपण त्रास घेऊ नका. प्रस्तावना राहू दे. आपला आशीर्वाद आहेच."

"अगं, वेळच मिळाला नाही," असे ते म्हणाले होते. निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षे झाली आहेत.

तिच्या बोलण्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि नेमके तेच सलते आहे. खरी गोष्ट अशी, की ही पोथी तीस वर्षांपूर्वी स्वतः शास्त्रीबुवांनी छापली होती. त्या आवृत्तीत दोन पानांची अदलाबदल झाली. ती चूक वैजयंतीने दुसऱ्या प्रतीवरून ताडून पाहिली आणि एका तळटीपेत अतिशय अदबीने नोंदवली. ती तळटीप वाचली त्या दिवशी शास्त्रीबुवांनी लेखणी खाली ठेवली, ती ठेवलीच.

पंख्याची घरघर मंद होत जाते आणि तिचे पाणी होते. पाणी कृष्णेचे आहे. घाटाच्या वरच्या अंगाला पाठशाळा आहे, आणि तिच्या पायरीवर उकिडवे बसून तात्या मुलांच्या चपला सरळ लावीत आहेत. तात्या म्हणजे शास्त्रीबुवांचे गुरू. त्यांना जाऊन एकेचाळीस वर्षे झाली.

"आलास? ये," तात्या मान वर न करता म्हणतात.

"तात्या, माझ्या चपलांना आपण हात लावता?"

"मग काय तुझ्या तीर्थरूपांना बोलावू? विश्वा, चपलांची तोंडे रस्त्याकडे असावीत. निघताना खोळंबा होत नाही, आणि मागून येणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहते. किती वेळा सांगायचे रे?"

दिवेलागण होते. आत मुले शुभंकरोति म्हणू लागतात. विश्वंभर हात जोडतो आणि डोळे उघडतो, तो ऊन थेट डोक्यावर आलेले असते.

"तात्या, आत्ता तर संध्याकाळ होती!"

"तुझ्या पुस्तकात अशीच आहे ना?" तात्यांचे पोट हसण्याने गदगदू लागते. "आम्ही तिकडे तुझ्याच पुस्तकाप्रमाणे चालतो. आधी दिवा लावायचा, मग वामकुक्षी आणि शेवटी दुपारचे जेवण. अरे, पोटात कावळे ओरडत असताना डोळा कसा लागायचा?"

विश्वंभरला लाज वाटते, आणि लाजेच्या पोटातून हसूही फुटते. "वारा आला होता, तात्या. पोथीची पाने सुटी होती, ती उडाली. मी गोळा करून बांधली."

"पानांवरचे अंक पाहिले नाहीस?"

"घाई होती."

"तेव्हा घाई होती, आणि आता वेळ नाही. मधली तीस वर्षे काय पुरात वाहून गेली?"

विश्वंभर पायरीवर बसायला जातो. तेवढ्यात पायरी एस.टी. स्थानकाचा फलाट झालेली असते. फलाटावर पंगत मांडली आहे, रांगोळ्या रेखल्या आहेत, आणि खांद्याला पिशवी अडकवलेला एक कंडक्टर पानापानावर मीठ वाढतो आहे. पंगतीच्या अग्रभागी एक पाट रिकामा आहे. तो पाट विश्वंभर ओळखतो. पाठशाळेचा दंडकच होता, की जो विद्यार्थी तात्यांची चूक काढील, त्याने त्या दिवशी तात्यांच्या पाटावर बसायचे आणि तात्यांनी त्याला वाढायचे.

"तू अकरा वर्षांचा होतास," तात्या म्हणतात. "मी पंचांग पाहण्यात चुकलो आणि अख्ख्या पाठशाळेला एक दिवस आधीच एकादशी घडवली."

"भर दुपारी मी म्हणालो, तात्या, एकादशी उद्या आहे. मुलांनी मला खांद्यावर घेतले होते!"

"रात्रीच्या पंगतीला बासुंदी केली. किती वाट्या प्यालास?"

"पाच."

"सात! वाढणारा मी होतो."

दोघेही हसतात. मग तात्या हलकेच विचारतात, "मी रागावलो होतो का रे?"

"नाही. आपण वाढताना गात होता."

"चूक गेली आणि शिष्य मोठा झाला. एका दिवसात दोन कामे उरकली. याहून वेळेचा चांगला उपयोग मला जन्मात साधला नाही."

विश्वंभर मान वर करतो. रिकाम्या पाटाशी दोन वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशातली वैजयंती उभी आहे.

"बस ना, मुली," तो म्हणतो.

"राहू दे, सर. आपण त्रास घेऊ नका."

"आठ महिने उभी आहे ती," तात्या म्हणतात. "पंगत खोळंबली आहे."

ते एका बादलीतल्या पाण्यावर तांब्याचे घटिकापात्र अलगद सोडतात. बुडाला बारीक छिद्र असलेली ही वाटी. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, सरते.

"एवढ्यात प्रस्तावना कशी होईल, तात्या?"

"प्रस्तावना राहू दे. एक खरे वाक्य लिही. बाकीची त्याच्या मागून येतील."

वाटीत पाणी चढते. वाटी कलते, डुबुक असा आवाज होतो, आणि शास्त्रीबुवांना जाग येते.

तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. मुलगा आणि सून कामावर गेलेली. दाराला आतून कडी. शास्त्रीबुवा डोळ्यांना पाणी लावून मेजाशी बसतात आणि लिहितात, 'या ग्रंथाच्या माझ्या आवृत्तीत दोन पानांची अदलाबदल झाली. ती चूक माझी. ती माझ्या विद्यार्थिनीने शोधली, हा माझ्या अध्यापनाचा सर्वांत मोठा आनंद होय.' त्यानंतर लेखणी थांबत नाही. आठ महिने अडलेली प्रस्तावना संपते, तेव्हा घड्याळात साडेतीनही झालेले नसतात.

ते फोन लावतात. "वैजयंती, पाने थांबव. प्रस्तावना घेऊन मी येतो आहे."

"सर! एवढ्या उन्हात? मी कोणाला तरी पाठवते."

"नको. छापखाना दोन गल्ल्या पलीकडे तर आहे. तुझी तळटीप आता तळाशी ठेवू नकोस, मी ती वर घेतली आहे. आणि रविवारी जेवायला ये. पाटावर तू बसायचेस, वाढणार मी."

"अहो सर, आपण वाढणार? मला किती संकोच वाटेल."

"वाटू दे. बासुंदी आहे. सात वाट्यांच्या आत उठू देणार नाही."

पलीकडे ती मोकळेपणाने हसते. आठ महिन्यांत हे हसू त्यांनी ऐकलेले नव्हते.

कागदांची घडी हातात घेऊन ते दाराशी येतात, कडी काढतात आणि थबकतात. चपला शेजारी शेजारी सरळ ठेवलेल्या आहेत, तोंडे रस्त्याकडे.

शास्त्रीबुवा वाकतात. दोन्ही चपलांना हात लावून तो हात कपाळाला लावतात. मग चपला पायांत सरकवतात आणि लगबगीने रस्त्याला लागतात.