करून राहिली होती

हिवरखेडच्या मनकर्णाबाईला शेणामुताची कधी घाण वाटली नाही. घाण वाटायची ती गोडबोल्या माणसाची. बाजारात कुणी ‘ताई, खास तुमच्यासाठी’ म्हणालं, की ती भाजी तिथंच टाकून पुढं चालू लागायची. अशा बाईनं आयुष्यात एकदाच गोड बोलण्यावर भरवसा ठेवला, आणि तोही नेमका दवाखान्यात, उजवा हात मनगटापासून गेलेला असताना.

हात नेला कडबा कापायच्या नव्याकोऱ्या मशीननं. म्हशीसाठी कडबा कापताना पेंडी अडकली. मनकर्णाबाईनं डाव्या हातानं लाल बटण दाबलं, पण पातं थांबलंच नाही. पेंडीबरोबर उजवा हात आत गेला. किंकाळी ऐकून नवरा देवमन अंगणातून धावला आणि त्यानं वायरच उपटून काढली.

मग दवाखान्यात मशीनच्या कंपनीचा नितेश आला. शेजारच्या तेल्हाऱ्याचाच पोरगा, हातात संत्र्यांची पिशवी. काकू काकू करत खाटेशी बसला, डोळ्यांत पाणी आणलं आणि रेकॉर्डिंग लावून मोबाइल पुढं धरला.

“कसं झालं काकू?”

“मी मशीन बंद करून राहिली होती, अन् हात ओढल्या गेला,” ती कण्हत म्हणाली.

अकोल्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली, तेव्हा कंपनीच्या पुण्याच्या वकिलानं तेच बोलणं सगळ्यांना ऐकवलं. “बाई स्वतः सांगतात, मशीन बंद करून राहिल्या होत्या. म्हणजे आधी बंद केली, मग तिथं थांबल्या. बंद मशीन आपोआप सुरू होत नाही. घरी दुसरे फक्त नवरोबा होते.”

मनकर्णाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल, की बंद करून राहिली होती म्हणजे बंद करत होती. पण या इस्त्रीच्या कोटवाल्यानं तिचीच बोली तिच्या नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

गावात कुजबुज सुरू झाली. देवमन पारावर जाईनासा झाला. एकदा जेवता जेवता घास हातात धरून त्यानं विचारलं, “मनकर्णा, खरंच माह्या हातून त बटन दबलं नसन ना व?”

हात गेला तेव्हा ती रडली नव्हती, आता रडली. भल्या माणसाला स्वतःच्याच हाताचा संशय यावा, इतकी हलकट माणसं जगात असतात याची तिला शिसारी आली. “पैसे गेले चुलीत,” तिनं आपल्या वकिलीणबाईला, पौर्णिमाला सांगितलं, “पण ह्या माणसावरचा डाग धुवून द्या.”

पौर्णिमानं नितेशची उलटतपासणी मागितली. तो चकाचक शर्टात उभा राहिला आणि पुस्तकी मराठीत पोपटासारखा बोलत सुटला. पौर्णिमानंही घाई केली नाही. संत्री कुठून घेतली, गर्दी होती का, असं इकडचं तिकडचं विचारत राहिली. मग सहज म्हणाली, “अन् काकू बोलत होत्या, तवा तुमी काय करत होते?”

“मी? मी रेकॉर्डिंग करून राहिलो होतो ना मॅडम.”

“म्हणजे रेकॉर्डिंग आधी झालं होतं, अन् तुमी नुसते तिथं राहिले होते?”

नितेशचा चेहरा उतरला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाईंनी शब्दाचा अर्थ नोंदवून घ्यायला सांगितला. पुण्याचा वकील कागद चाळू लागला. देवमननं टोपी काढून तोंड पुसलं.

मनकर्णाबाईला मात्र हसू आलं नाही. त्या वकिलाला एक वेळ आपली बोली कळली नसेल. पण हा इथलाच, हीच बोली बोलत वाढलेला. याला सगळं कळत होतं आणि तरी हा गप्प बसला.

बाहेर व्हरांड्यात नितेश आडवा आला. “काकू, नोकरीचा सवाल होता. माफ करा,” म्हणत त्यानं दोन्ही हात जोडले.

मनकर्णाबाईनं त्या धडधाकट हातांकडं पाहिलं.

“नमस्कार नको करू बाप्पा,” ती म्हणाली. “मले परत करता येत नाही.”