काकांचं पहिलं चलान

माणसाला जन्मतःच सीट बेल्ट द्यायचं देवाकडून राहून गेलं, असं मनापासून मानणारा साऱ्या चऱ्होलीत एकच माणूस आहे आणि तो आमचा घरमालक आहे. या काकांच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या, तरी चाकणच्या कंपनीच्या स्टाफची गाडी चालवणं त्यांनी सोडलं नाही. सत्तावीस वर्षं झाली. अंगणातली गाडी धुवायला दोन फूट पुढे घ्यायची असली तरी बेल्ट लावतात. झोपाळ्यावर बसले की हात आपोआप खांद्यामागे जातो, तिथे काही सापडत नाही, मग जरा वेळ हरवल्यासारखे बसून राहतात. आल्यागेल्याला चहाच्या आधी लायसन्स दाखवतात. "एक चलान न्हाई, भाऊ! पोरीच्या सासऱ्याला आदी ह्ये दावलं, मग पत्रिका."

गेल्या थंडीत त्यांच्या मोबाइलवर चलान आलं. दिघीचा सिग्नल, सीट बेल्ट नाही. काकांचं जेवणच तुटलं. "लायसन्स जातंय व्हय आता?" मी म्हणालो, दंड भरला की लायसन्सला काही होत नाही, नोंद मात्र रेकॉर्डवर राहील. ते 'मात्र' त्यांना फार लागलं. कारण बेल्ट त्यांनी लावलाच होता. काळ्या जर्किनवरचा काळा पट्टा कॅमेऱ्याला दिसला नव्हता, एवढंच. तक्रार केली की चलान रद्द होईल, असा मी धीर दिला.

मग ओट्यावरच्या कोवळ्या उन्हात तो धुकट फोटो मोठा करकरून आम्ही पट्टा शोधू लागलो. खांद्यापाशी त्याची कड सापडली तसा मी ओरडलोच. काकांचं बोट मात्र शेजारच्या सीटवर थांबलं होतं. तिथे काकू बसल्या होत्या आणि रस्ता सोडून काकांकडे बघत होत्या, गालातल्या गालात हसत.

"ही अशी बघती व्हय माझ्याकडं?" काका हळूच म्हणाले. गाडी चालवताना रस्त्यावरची नजर हलवायची नाही हा त्यांचा नेम, त्यांना कळणार कसं? आत काकू भाकरी थापत होत्या.

"तक्रार केली तर ह्यो फोटो जाईल?"

"चलानच रद्द झालं तर जाईल बहुतेक."

"मग नगं. दंड भरा. ऱ्हाऊ द्या रेकॉर्डवर."

आता काका कुणाला लायसन्स दाखवत नाहीत. कधी मी त्यांच्या गाडीत मागे बसलेला असतो. सिग्नल लागतो, काका बेल्ट चाचपतात आणि मान हलकेच डावीकडे वळवतात. काकू तेव्हा नेमक्या खिडकीबाहेर बघत असतात.