गाभोळीची मासळी

आईबाप लवकर गेले, मला वाढवलं ते मामानं. मामा मासेमार. त्याचा एकच नेम: जाळ्यात गाभोळीची मासळी आली, की तिच्या पोटावरून अंगठा फिरवायचा आणि परत पाण्यात सोडायची. ‘पोटुशीला हात लावू नये,’ म्हणायचा. बाजारात मासे विकायचे मी. माझा नुसता जळफळाट व्हायचा!

मग पुरात कुणाच्या तरी तळ्यातून सुटलेला परका मासा नदीत शिरला. आमच्या पांढऱ्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. मामीनं त्याचं नाव ठेवलं घरजावई. ‘आयता आला नि घरच बळकावून बसला मेला!’ माझी पाटी रिकामी राहू लागली. शेवटी काठावरची सगळी घरं एक झाली. दर रविवारी मिळून जाळी टाकायची, घरजावई तेवढा काढायचा. पुढारी अर्थात मामा.

दोन वर्षं राबलो. घरजावई उलट वाढलाच! ‘पुरे हा खटाटोप,’ लोक म्हणू लागले. खटाटोप थांबला असता तर पांढरा मासा कायमचा गेला असता.

एका रविवारी मी मामाच्या होडीत होते. जाळ्यातून फुगल्या पोटाची घरजावयाची मादी निघाली. मामाचा अंगठा पोटावरून फिरला आणि डुबुक! मादी पाण्यात.

‘अरे मामा, काय केलंस हे?’

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. दोन वर्षं तो हात हेच करत आला होता.

‘जाऊ दे,’ मी म्हटलं, ‘कुणाला कळणार आहे?’

‘कळायलाच हवं. नेम मीच शिकवलाय सगळ्यांना.’

दुपारी भर सभेत तो उभा राहिला. ‘चूक माझी. गाभोळीचा घरजावई मी सोडत होतो. आणखी कुणी सोडलाय?’ मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग सगळेच. लोकांना हसू फुटलं. मामा तेवढा रडत होता.

त्या दिवसापासून गाभोळीचा घरजावई सगळ्यांत आधी टोपलीत.

याला तीन वर्षं झाली, घरजावई आता विरळाच दिसतो. मामाचे हात आता थरथरतात, होडी मी चालवते. परवा जाळ्यात पांढरी मासळी आली. एकच, पोट टम्म. बाजारात लोकांनी उड्या मारून घेतली असती. मी अंगठा फिरवला, काठावर बसलेल्या मामाला ती उंच धरून दाखवली आणि सोडली. ‘जा बाई, लेकुरवाळी हो!’

मामानं काठावरून नदीला हात जोडले. मी जाळं खाली ठेवलं आणि मामाला हात जोडले. जन्मभर त्याच्यावर चिडले, आभार कधी मानलेच नव्हते.