नळदुरुस्तीचं कार्ड

गल्लीत सगळे त्यांना काजवाल्या काकू म्हणत. शिंप्याच्या दुकानातून शर्टांचे गठ्ठे घरी यायचे आणि काकू हाताने काजं करून, बटणं लावून ते परत पाठवायच्या. काज असं, की बटण अडकू नये आणि निसटूही नये. काका एका मोठ्या छापखान्यात कामाला होते. दिवसभर तिथे छापून हौस भागत नसे म्हणून की काय, घरीही त्यांनी टेबलावर मावेल एवढं हाताने चालवायचं छपाईयंत्र आणून ठेवलं होतं. दांडा खाली ओढला की शाईचे रूळ खिळ्यांवरून, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवरून, फिरून जात आणि कागद पुढे येऊन खिळ्यांना टेकत असे. शेजारपाजारच्यांची कार्डं त्यावर निघत.

एकाच खोलीत काळी शाई आणि लोकांचे पांढरे शर्ट, म्हणजे मांजराशेजारी दुधाचं पातेलं. म्हणून मध्ये कपाट आडवं लावलं होतं. खिडकीकडची बाजू काकूंची, दाराकडची काकांची. "इकडे येऊ नकोस, हात काळे होतील," असं काका म्हणायचे आणि "तुम्ही तिकडेच थांबा," असं काकू. संसार चांगला झाला. पण तो माणूस त्या यंत्रापाशी एवढा वेळ नेमकं काय करत बसतो, हे काकूंनी कधी जवळ जाऊन पाहिलं नाही. कपाटापलीकडून नुसता दांड्याचा आवाज यायचा. खट्, जरा थांबून पुन्हा खट्. काकूंचा टाका त्या आवाजावर पडायचा.

काका गेले आणि यंत्रावर चादर पडली. पुढे शिंप्याचं दुकानही बंद झालं, शर्ट यायचे थांबले. कपाट सरकवून भिंतीला लावलं, तेव्हा खोली उगाचच मोठी दिसायला लागली. एका सकाळी काकूंनी ती चादर काढली.

"आई, भंगारवाल्याला सांगू का?" मुलीने विचारलं.

"सांग ना. म्हणावं, पुढच्या घरी जा."

"मग काय करणारेस त्याचं?"

"चालू करणार."

"तुला येतं?"

"तू झालीस तेव्हा मला पोर तरी कुठे सांभाळता येत होतं?"

यंत्रात काकांचं शेवटचं काम अजून तसंच होतं. लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेले खिळे. अक्षरं उलटी, म्हणून काकूंनी आरसा धरून वाचली. 'नळ, टाक्या, गळती. बोलवा, लगेच येतो.' एका नळदुरुस्तीवाल्याचं कार्ड. थोडी छापून झाली होती आणि काकांनी अंथरूण धरलं होतं.

काकूंना फक्त हे कार्ड हवं होतं. काकांच्या हातून निघायचं तसं, काळंभोर आणि सगळीकडे सारखं. असं एक जरी निघालं, तरी कपाटापलीकडे जाऊन त्या माणसाशेजारी घटकाभर बसल्यासारखं झालं असतं.

मग घराला रॉकेलचा वास लागला. काकूंनी जुन्या टूथब्रशने फटीफटीतला गंज काढला. वितळून एका अंगाला बसलेले रूळ रबराच्या दुकानातून नवे करून आणले. "आई, आपण घरात राहतो की गॅरेजमध्ये?" मुलगी म्हणायची. पण स्प्रिंग बसेना तेव्हा पक्कड घेऊन तीच बसली.

ज्या पाटीवर कागद ठेवायचा, तिच्यावर काकांनी कागदांची गादी बसवलेली होती. वरचा पिवळा कागद उचलला तर खाली पातळ कागदाचे बारीक तुकडे चिकटवलेले. कुठे नखाएवढा, कुठे तिळाएवढा. काकूंना हसूच आलं. "फाटलं की चिकटव. या माणसाने नवा कागद म्हणून घेतला असेल तर शपथ!" ती गादी चिंध्यांबरोबर कचऱ्यात गेली आणि तिच्या जागी शर्टाच्या खोक्यातला कोरा, गुळगुळीत पुठ्ठा आला.

यंत्र चालायला लागलं. खट् आवाजही तोच आला. कार्ड मात्र निघालं ते एका बाजूने काळं आणि दुसऱ्या बाजूने आजाऱ्यासारखं फिकं. शाई वाढवली तर अक्षरांची पोटं भरून गेली. दांडा जोराने ओढला तर अक्षरं कागदात रुतली, पण फिकी ती फिकीच. शेवटी नाइलाजाने काकूंनी उलटेमास्तरांना निरोप धाडला. हे काकांचे छापखान्यातले जोडीदार. जन्मभर उलटी अक्षरं वाचून त्यांना अशी सवय लागली होती, की समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र तेच आधी वाचून संपवायचे.

"वहिनी, यंत्राला नवं तेज आणलंत की!"

"यंत्राचं राहू द्या भाऊजी. कार्ड बघा."

मास्तरांनी कार्ड पालथं करून त्यावरून अंगठा फिरवला. "मागून अक्षर हाताला लागतंय. ते लागता कामा नये. अक्षराने कागदाला टेकायचं असतं, घुसायचं नसतं." मग त्यांनी पाटीवरचा पुठ्ठा उचलून पाहिला. "ठिगळं कुठायत?"

"कसली ठिगळं?"

"खिळे झिजतात हो. जिथे फिकं येतं, तिथे गादीच्या कागदामागून बारीक तुकडा लावायचा, म्हणजे तेवढंच पुढे येतं. प्रत्येक कामाची ठिगळं वेगळी. तो तर त्यात असा रंगायचा! आम्ही म्हणायचो, बायको नवे शर्ट करते आणि तू ठिगळं लावत बस."

"मी टाकली ती," काकू म्हणाल्या.

"कुठे?"

"कचऱ्यात. केव्हाच गेली."

"जरा पाणी देता, वहिनी?" असं मास्तर म्हणाले. तहान त्यांना लागली नव्हती. काकू आत गेल्या आणि भांडं नळाखाली धरून उभ्या राहिल्या. भांडं भरून वाहायला लागलं तरी तशाच. तो माणूस तिथे बसून काय करत होता, ते त्यांच्या हातात आलं होतं. बोटांनी चाचपूनही पाहिलं होतं. आणि त्या हसल्या होत्या.

बाहेर आल्या त्या काजाची कात्री घेऊन. शर्टाच्या घडीत घालायचा पातळ कागद घरात पडून होता. मास्तरांनी फिक्या जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि काकूंनी तुकडे कापायला घेतले. एक लावायचा, एक कार्ड काढायचं, बघायचं. इतकं बारीक काम त्या बोटांना नवं नव्हतं. मास्तरांची खुर्चीत एक डुलकी काढून झाली. जागे झाले तेव्हा काकूंनी त्यांच्यासमोर कार्ड धरलं.

मास्तरांनी ते पालथं केलं, अंगठा फिरवला. "जमलं."

"त्यांच्यासारखं?"

हो म्हणणं सोपं होतं. मास्तर काकूंकडे पाहून म्हणाले, "नाही वहिनी. तो कडेला जरा हलकं ठेवायचा. हे तुमच्या हातचं आहे. पण चोख आहे."

काकू कार्ड घेऊन खिडकीशी गेल्या. काळंभोर होतं, सारखंही होतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते?"

"तो कुठला बोलायला! चष्मा कपाळावर सरकवायचा आणि एक खोट काढायचा."

"कोणती काढली असती?"

मास्तरांनी कार्ड पुन्हा हातात घेतलं. "गळतीतला ळ. जरा दबलाय."

"मघाशी जमलं म्हणालात ना?"

"ते मी म्हणालो. तो म्हणालाय का?"

काकू हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदराने नाक पुसलं. पाटीवरचा पुठ्ठा उचलून ळच्या जागी तिळाएवढा तुकडा चिकटवला. तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसल्या. मास्तर निघायला उठले होते, टोपीही घालून झाली होती. दांडा खट् वाजला तसे ते थांबले. काकूंनी कार्ड पुढे केलं.

"आता काय म्हणतील?"

मास्तरांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. अगदी तसंच. ते बराच वेळ बघत होते.

"अजून एक ठिगळ," ते म्हणाले. "खालच्या ओळीत."

काकूंनी कात्री उचलली.