कानबाईच्या गाण्याची पहिली ओळ

मी बंगळूरला निघालो तो दिवस कानबाईच्या, आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या, विसर्जनाचा होता. भडगावच्या स्टँडसमोरून बायका गिरणा नदीकडे चालल्या होत्या आणि माझी माय डोक्यावर कानबाई घेऊन सगळ्यांच्या पुढे गात होती. गाणं तिचं स्वतःचं, दर श्रावणात थोडं वाढवलेलं. मी मोबाइल पुढे धरला. पहिली ओळ झाली आणि चाळीसगावची बस लागली. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोधडीत गुंडाळलेल्या कीबोर्डसकट मला आत ढकललं. नदी येईपर्यंत गाणं तोडायचं नाही हा मायचा नेम. त्यामुळे तिने मला ‘जा’सुद्धा म्हटलं नाही. गात गात नुसतं पाहिलं.

बंगळूरला आम्ही तिघांनी बँड काढला. आमचं काम म्हणजे इकडचेतिकडचे आवाज कापून त्यांची गाणी जोडायची: कापसाच्या जिनिंगची घरघर, केळीच्या ट्रकचा हॉर्न, कुकरची शिट्टी. कुत्रं विचारत नव्हतं आम्हाला. मग मोबाइलमधली मायची ओळ बीटवर गोल फिरवली, तीच पुन्हापुन्हा येत राहील अशी, आणि ते गाणं असं चाललं की बस. मोठे हॉल झाले, परदेशातले फेस्टिव्हल झाले. अहिराणीचं अक्षर न कळणारी पोरं ती ओळ घसा फोडून म्हणायची. नंतरचे अल्बम आपटले. लोकांना अजूनही तेवढं एकच लागतं आणि आम्ही तेच वाजवतो.

गेल्या वर्षी मायला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. गल्लीतल्या बायका तिच्यामागे फक्त पहिली ओळ धरायच्या. पुढचं तिच्याशिवाय कुणालाच येत नाही.

नाना घरी आमचं गाणं लावतात. परवा फोनवर म्हणाले, “ती पुढे म्हनाले जास, आन तुमनं गानं तिले परत मांगे लई येस.” व्हिडिओ कॉलवर मीही पाहिलं. ओळ संपली की मायचे ओठ उघडतात, तोवर तीच ओळ पुन्हा येते. ती थांबते, ऐकते, परत ओठ उघडते. मला बघवेना.

शेवटी ओळ एकदाच वाजेल अशी कापून मी नानांना पाठवली. त्यांनी व्हिडिओ कॉल चालू ठेवून लावली. ओळ संपली, पुढे शांत. मायचे ओठ हलत राहिले, मध्ये कुठेही न थांबता, स्टँडपासून नदीपर्यंत लागायचा तेवढा वेळ.

तुम्ही गावातच राहिलात किंवा माझ्यासारखे बाहेर पडलात, घर कुठे असं कुणीतरी विचारतंच. माझं त्या हलणाऱ्या ओठांत आहे. मी कानाला हेडफोन घट्ट दाबून बसलो होतो आणि मला एक शब्द ऐकू आला नाही.