ओट्यावरची जागा

ऑइलपेंटचा वास आला की कुंभार पिंपळगावच्या बाजारातला सिमेंटचा ओटा आठवतो. बाजार नसेल त्या दिवशी आम्ही शाळेतल्या मुली तिथं चित्रकलेच्या बाईंनी आणलेले स्केटबोर्ड चालवायचो. एका वर्षी ऊसतोडीहून सहा महिन्यांनी परतले, तर ओट्यामागच्या भिंतीवर बाईंनी साऱ्या मैत्रिणी स्केटबोर्डसकट रंगवल्या होत्या. मीच नव्हते. बाई म्हणाल्या, "तू गावात नव्हतीस गं, आता भिंत भरली." मी म्हणाले, "बाई, मी कामाला गेल्ते, गाव सोडून न्हाई." आणि सरळ ओट्यावर आडवी झाले, मैत्रिणीला माझ्या अंगाभोवती ब्रशनं रेघ ओढायला लावली. बाईंनी रंगाचा डबा पुढं सरकवला. आज त्याच शाळेत मी शिकवते. ऊसतोडीला गेलेल्या एकाही मुलीचं नाव पटावरून काढू देत नाही.