बाईंचं अख्खं फुलपाखरू

उन्हाळ्यात कडुलिंबाखालचा पाला झाडून माघारी वळलं की पुन्हा तेवढाच पडलेला असतो. फुलपाखरंवाल्यांच्या गोष्टींचं तसंच हाय. एक सांगून संपवावी, तर रविवार उजाडतो अन् दुसरी तयार! जालन्याच्या या बागेत मी बावीस वर्षांपासून पाणी घालतो. शिक्षण चौथी, तोंड फटकळ. तेव्हा गोड करून सांगणं जमणार न्हाई.

*

हे लोक पहिल्यांदा आले त्या रविवारी सकाळी सातला आठ-दहा शहाणीसुरती माणसं टोप्या घालून घाणेरीच्या झुडपाभोवती वाकून उभी. मला वाटलं, कुणाच्या कानातलं पडलं.

"काय हरपलं?"

"काही नाही मामा, फुलपाखरू शोधतोय," देशमुख सर म्हणाले. कॉलेजात शिकवतात, या लोकांचे पुढारी.

"मंग खाली काय बघून राह्यले? ते तर तुमच्या टोपीवर बसलंय!"

सर हलले, ते उडालं. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसं मीच उडवलं!

*

एकदा कागदी लिंबाच्या झाडावरच्या अळ्या वेचून राह्यलो होतो. सर पळत आले. "मामा, थांबा! ती फुलपाखराची पिल्लं आहेत!"

"मंग त्यांच्या आईबापाला सांगा, लेकरं दुसऱ्याच्या ताटात बसवू नका म्हणून!"

"मामा, प्लीज."

सोडल्या. पंधरा दिवसांत झाडाचा खराटा झाला. अजून बी मी झाडाला पाणी घालतो अन् सरांना शिव्या.

*

या लोकांत एक कुलकर्णी बाई. पोस्टातून रिटायर झालेल्या, चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. नजर जाऊन राह्यली त्यांची. डॉक्टरनं सांगितलं, गेली ती येत न्हाई, उरली ती बी टिकायची न्हाई. बाईंचं एकच म्हणणं, "दिसतंय तोवर एक फुलपाखरू बघायचंय. जवळून. अख्खं."

अन् फुलपाखरू काय बाईंसाठी थांबतंय व्हय! सगळे ओरडायचे, "ते बघा मॅडम, ते बघा!" बाई मान वळवेस्तोवर ते कंपाउंडच्या बाहेर. मंग पिशवीतून वही काढायच्या अन् मोठ्या अक्षरात लिहायच्या, "आज नाही."

मी बोललोच एकदा. "बाई, दिसत न्हाई तर उन्हात येता कशाला?"

सरांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "तुमचं तोंड ऐकायला!"

*

एका रविवारी बाई कण्हेरीपाशी थांबल्या. "अगंबाई, पिवळं! बसलंय!" दोन मिनटं जागच्या हलल्या न्हाईत. बाकीचे एकमेकाकडं बघून म्हणायले, "वा मॅडम! छान आहे!" बाईंनी वही काढली.

माझ्यानं राहवलं न्हाई. "बाई, लिहू नका. ते वेफरचं पाकीट हाय."

सर मला डोळ्यानंच खाऊन राह्यले. बाई मात्र एवढ्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले. "या बागेत एकच माणूस खरं बोलतो," म्हणाल्या.

मंग लिहिलं, "आज नाही." त्या दिवशी अक्षर जरा वाकडं आलं.

*

सरांनी मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. बाई म्हणाल्या, "फोटो कॅलेंडरवर पण असतो हो." जाळीत धरून आणतो म्हणाले. "पकडलेलं नको. त्यानं आपणहून बसायला पाहिजे."

काय हट्टी बाई! घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर म्हणे, "बरं झालं, तुमच्या तोलाचं कुणी भेटलं!"

*

आम्ही मूळचे केदारखेड्याचे धनगर. ल्हानपणी मेंढरांमागं हिंडलो, तेव्हाचं एक ध्यानात होतं. वैशाखात मेंढरं उठून गेली की त्यांच्या ओल्या जागेवर फुलपाखरांचा बाजार भरायचा. त्या मुतातला खार त्यांना बिलकुल सुटत न्हाई. हाकललं तरी हलायची न्हाईत.

शनिवारी गावाकडं पुतण्याकडं गेल्तो. मेंढरं बसतात तिथली ओली माती दोन डब्यांत भरली अन् बस धरली.

कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "बाबा, काय हाय डब्यात?"

"मेंढराचं मूत."

जालन्यापर्यंत अख्ख्या बाकड्यावर पाय पसरून आलो!

*

रविवारी पहाटेच ती माती त्या खराटा झालेल्या लिंबाखाली पसरली, वरून पाणी मारलं. ऊन पडलं तशी एक आलं, दोन आली, मंग मोजायचं सोडून दिलं. पिवळी, पांढरी, पंख मिटून खांद्याला खांदा लावून बसली. सर आले ते तोंडाला रुमाल लावूनच. बाकीचे बी लांब उभे.

मी बाईंचा हात धरून नेलं. "इथं बसा. घाई करू नका. न्हाई उडत."

बाई गुडघ्यावर बसल्या. वाकत वाकत नाक पार मातीपाशी नेलं. लई वेळ झाला.

"मामा," बाई हळूच म्हणाल्या, "अंगावर केस असतात हो त्याच्या! आणि सोंड... घड्याळाच्या स्प्रिंगसारखी."

वही पिशवीतच राहिली.

मंग मान वर न करता बाईंनी विचारलं, "मामा, काय शिंपडलंत हो इथं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायले.

"गुलाबपाणी," मी म्हणालो.

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "तरीच! आता नाकाच्या डॉक्टरकडेही जायला हवं."